सोडून दे, नाहीतर दोन ठेवून दे

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात नववी-दहावीतल्या मुलानं घरी येऊन ‘पोरं मला त्रास देतात’ असं सांगितलं, तर त्याला साधारण दोनच उत्तरं मिळतात. आई म्हणते, ‘सोडून दे रे, त्यांच्या नादाला लागू नकोस.’ वडील म्हणतात, ‘हातात बांगड्या भरल्यात काय? दोन ठेवून दे, परत वाटेला जायचे नाहीत.’ मुलगी असली तर तिसरं उत्तर निघतं आणि ते प्रश्नाच्या रूपात येतं: ‘तुलाच कशी बोलतात? बाकीच्या पोरींना कोण काय म्हणत नाही.’ ही तिन्ही उत्तरं काळजीपोटीच दिलेली असतात, याबद्दल मला शंका नाही. पण जे एकट्याला पेलत नाही म्हणून पोर घरी आलं, तेच त्याच्या हातात परत देऊन दुसऱ्या दिवशी त्याला सकाळच्या एसटीला घालवलं जातं. पुढच्या वेळी ते सांगत नाही. आईबापांना वाटतं, मिटलं.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न मुलाला कणखर करून सुटत नाही. एखाद्या मुलाला रोज छळता येतं, कारण त्याच्या आसपासच्या मोठ्या माणसांनी तशी सोय ठेवलेली असते; कधी जाणूनबुजून, बहुतेकदा डोळेझाक करून. म्हणून तो निस्तरायचा तर मोठ्यांनीच निस्तरायला हवा. हे समजून घ्यायला सातारकरांना लांब जायला नको. त्याचा सगळ्यात मोठा दाखला राजवाड्यातच आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी एका मुलाची नोंद झाली. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. निबंध होतात, प्रभातफेरी होते, भाषणात गोणपाटाचा उल्लेख येतो आणि वक्ता घाईघाईनं ‘पण पुढे हाच विद्यार्थी…’ असं म्हणत राज्यघटनेपर्यंत पोचतो. मला तिथं थोडं थांबावंसं वाटतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी शाळेतलं जे सांगितलं आहे, ते नीट वाचून बघा. वर्गात मुलं क्रमानं बसायची. बाबासाहेबांना मात्र गुणवत्तेप्रमाणे त्या रांगेत जागा नव्हती, कोपऱ्यात एकट्यानं बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा. तोही संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळ उघडून द्यायला शिपाई हवा. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही.

या वर्णनात छळणारा असा कुणी नाही. कुणी टपली मारली, कुणी दप्तर फेकलं, कुणी नाव ठेवलं, असं काही त्यात येत नाही. त्याची गरजच नव्हती. कोण कुठं बसणार आणि नळ कोण उघडणार हे मोठ्यांनी ठरवलं होतं, आणि सारा वर्ग ते रोज बघत होता. या पोराशी असं वागलेलं चालतं, हा धडा पुस्तकात नसूनही प्रत्येक मुलाला पाठ होता. अशा वर्गात एखादा दांडगा पोरगा पुढं होऊन काही बोललाच, तर तो शाळेचा नियम मोडत नसतो. तो नियम पाळत असतो.

आता गोणपाट नाही, पाण्याला मज्जाव करणं हा गुन्हा आहे. पण वर्गात उभं राहून जरा ऐका. ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, एससीची पोरं उभी राहा.’ ‘ए जाड्या, तू मागं थांब, तुझ्यानं पळवणार नाही.’ ‘ढ तुकडीतली पोरं ती, त्यांच्याकडून काय अपेक्षा?’ हे म्हणणारे गुरुजी वाईट असतात असं नाही. फॉर्मची मुदत उद्या असते, हातात दीडशे कामं असतात. पण पहिला शिक्का त्यांनी मारलेला असतो आणि मधल्या सुट्टीत तो साऱ्या मैदानावर फिरतो. मुलं नवीन नावं फारशी शोधून काढत नाहीत. मोठ्यांकडून आलेलीच वापरतात.

साताऱ्याच्या त्याच शाळेतली दुसरी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला द्यायचे. बाबासाहेब ती भाकरी जन्मभर विसरले नाहीत. एका मोठ्या माणसाच्या साध्या मायेची किंमत किती असते, हे त्यावरून कळतं, आणि घरातल्या आईबापांनी पहिल्यांदा एवढंच करायचं असतं: पोराला आपल्या ताटाजवळ बसवायचं आणि ऐकून घ्यायचं. पण हेही खरं की त्या भाकरीनं गोणपाट हललं नाही. मास्तर प्रेमळ होते, नियम होता तसाच राहिला. आपल्याकडं सहानुभूती पुष्कळ असते. बदल व्हायचा तर आणखी एक पाऊल टाकावं लागतं, आणि तेही साताऱ्यातच टाकलं गेलं.

भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते तेव्हाची हकीकत आहे. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले. परतल्यावर ‘आधी आंघोळ कर’ असं सांगण्यात आलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्या वयाच्या मुलाला जेवणाच्या पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पुढं १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मुलांचं पोट भरावं म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रासकट, गेले हे सर्वांना माहीत आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिथली रोजची रीत. चूल एक, पंगत एक, आणि काम सगळ्यांना. आज जो वाढतो तो उद्या भांडी घासतो. तिथं पोरं भांडली नसतील, एकमेकांना चिडवलं नसेल, असं कोण म्हणेल? पण एखादा मुलगा कायमचा खालीच राहील, अशी जागाच त्या घरात ठेवली नव्हती.

पालकांनी शाळेकडं मागायचं ते हे. ‘माझ्या पोराला सांभाळा’ एवढंच म्हणून भागत नाही. तिथली ती जागा बुजवा, हे मागायचं.

आता पहिली अडचण. पुष्कळ आईबापांना खरंच प्रश्न पडतो की चेष्टामस्करी कुठं संपते. आपल्या भागातली मैत्री शिव्यांशिवाय चालत नाही. दोन जिवलग मित्र एकमेकांना काय काय म्हणतात ते छापता यायचं नाही. नॉर्वेतल्या डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकापासून शाळांतल्या छळाचा अभ्यास केला आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: दुखवण्याचा हेतू, वारंवार घडणं आणि ताकदीतला फरक. १९८२ मध्ये तिथल्या काही शाळकरी मुलांनी छळाला कंटाळून जीव दिला आणि दुसऱ्या वर्षी सरकारनं देशभर मोहीम घेतली. तीन खुणांपैकी तिसरी आपल्याला सगळ्यात उपयोगी पडते. जो उलट बोलू शकतो आणि बोलल्यावर सगळे हसतात, त्याची चेष्टा चाललेली असते. जो उलट बोलला तर उद्या दुप्पट भोगतो, त्याचा छळ चाललेला असतो. ताकद फक्त दंडात असते असंही नाही. वडील पंचायतीत असणं, मोठा भाऊ कॉलेजात ‘ग्रुप’ चालवत असणं, घरी चारचाकी असणं, वर्गात आपल्या आळीची दहा पोरं असणं, मोबाइलमध्ये कुणाचा तरी फोटो असणं, हे सगळं ताकदच.

आणि समोर कोण सापडतं? जतकडून मिरजेला शिकायला आलेला, घरी कानडी बोलणारा मुलगा; तो ‘ळ’ आणि ‘ल’ कसा म्हणतो यावरून वर्ग हसतो. विटा-खानापूरचं एखादं गलाईवालं, म्हणजे सोनं-चांदी गाळणारं, कुटुंब तमिळनाडूतून गावी परततं आणि मुलीचं मराठी अडखळतं. वडील नवी मुंबईत माथाडी कामगार आणि पोर पाटणच्या डोंगरात आजीपाशी. त्याच्या बाजूनं शाळेत यायला कुणी नसतं. ऊसतोडीच्या हंगामात सहा महिन्यांसाठी आलेलं पोर तर हजेरीतसुद्धा धड नसतं. याशिवाय जाड, काळा, बुटका, चष्मेवाला, आवाज न फुटलेला, नाचायला आवडणारा मुलगा. लवकर वयात आलेली मुलगी. जिच्या आईबद्दल गावात काहीतरी बोललं जातं ती मुलगी. यातल्या कुणाचाही काही दोष नाही, आणि ‘तू जरा त्यांच्यासारखं वागायला शीक’ हा सल्ला यातल्या कुणालाही पाळता येण्याजोगा नाही.

पोरं सांगत नाहीत, तेव्हा ओळखायचं कसं? अंगावरचे वळ शेवटी दिसतात. त्याआधी वेळापत्रक बदलतं. सात वाजताची एसटी सोडून पोर सहाचीच धरायला लागतं, किंवा मुद्दाम उशीर करतं. कारण सातच्या गाडीत मागच्या सीटवर कोण बसतं ते त्याला ठाऊक असतं. डबा भरलेला परत येतो, किंवा रिकामा येतो आणि तरी पोर घरात पाऊल टाकताच भुकेनं तुटून पडतं, म्हणजे डबा दुसऱ्यानं खाल्लेला असतो. बाटलीतलं पाणी तसंच राहतं. शाळेच्या मुतारीत एकट्यानं जायची भीती असली की मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत. पोटदुखी सोमवारी सकाळी येते आणि दिवाळीच्या सुट्टीत गायब होते. कंपास हरवते, पुन्हा हरवते. दहा-वीस रुपये जास्त मागितले जातात. गणपती मंडळात पुढं असणारा मुलगा यंदा वर्गणीला बाहेर पडत नाही. धाकट्या भावंडावर एकदम हात उगारला जातो. यातलं एकेक सुटं बघितलं तर कशाचंही लक्षण असू शकतं, या वयात पोरं तशीही विचित्र वागतात. पण दोन-तीन गोष्टी एकाच महिन्यात जुळून आल्या, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून बसून राहू नये.

विचारायचीही एक रीत आहे. ‘तुला कुणी त्रास देतं का रे?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ ‘एसटीत कुठं बसतोस?’ ‘पीटीच्या तासाला टीम पाडतात तेव्हा तुला कोण घेतं?’ असं विचारावं, आणि तेही समोरासमोर बसवून नव्हे. गाडीवर मागं बसलेला असताना, शेतात पाणी देताना, भाजी निवडताना. नजरेला नजर नसली की या वयातली पोरं जास्त बोलतात. ते बोलायला लागलं की मध्ये तोडू नका. ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न तर त्या दिवशी विचारूच नका. काहीच केलं नाही, याचीच त्याला लाज वाटत असते. आजोबांना आणि धाकट्या बहिणीलाही विचारावं. आईबापांच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

हातातल्या फोनबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. वर्गाच्या ग्रुपवर मुलीचा फोटो खोडसाळपणे बदलून टाकला, कुणी स्टेटसला नाव न घेता तिच्यावर लिहिलं, कुणी इन्स्टाग्रामवर तिच्या नावानं खोटं खातं उघडलं, हे कळल्यावर आपण पहिलं काम करतो ते मोबाइल काढून घेण्याचं. शिक्षा होते ती तिलाच. पुरावा जातो, तिची एकुलती मैत्रीण तुटते, आणि सांगितल्याचं फळ काय मिळतं हेही तिला कळतं. आधी तिच्यादेखत स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. मग खातं ब्लॉक करा, अ‍ॅपला कळवा. फोटो अश्लील असेल तर तो कुणालाही पुढं पाठवू नका, काकालासुद्धा. लहान मुलाचं असं चित्र पुढं पाठवणं हाच कायद्यानं गुन्हा आहे. सरळ सायबर पोलिसांकडं जा.

‘श्यामची आई’मध्ये श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तेव्हा लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला फोकानं मारून विहिरीवर घालवते. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते वाचून डोळे पुसले आणि भीतीवर उपाय म्हणजे धाक, हा अर्थ नकळत मनात ठेवून दिला. मला त्या आईबद्दल आदरच आहे. पण विहिरीला श्यामशी वैर नव्हतं. विहीर रोज वाट अडवून उभी राहत नाही, आपल्या मित्रांना बोलावून हसत नाही. पाण्याची भीती पाण्यात उतरून जाते. माणसांनी जुळवून आणलेल्या भीतीत पोराला एकटं ढकललं तर ती वाढते. वडिलांचा ‘दोन ठेवून दे’ हा सल्ला इथंच फसतो. पाच जणांत एकट्यानं हात उचलला तर मार खातो तोच, आणि मुख्याध्यापकांसमोर ‘याचीही चूक आहे’ म्हणून समान न्याय होतो. समजा त्यानं खरंच दोन ठेवून दिल्या आणि जिंकला. तर पुढच्या वर्षी त्याच्यापेक्षा लहान पोराचं काय होतं, तेही बघून ठेवा.

जून २०२५ मध्ये आटपाडी तालुक्यात चाचणी परीक्षेत गुण कमी पडले म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांनी केलेल्या मारहाणीत तिचा जीव गेला, वडिलांना अटक झाली. ही बातमी वाचून आपण हळहळलो, आणि तो बाप आपल्यासारखा नाही असं स्वतःला सांगितलं. इतकं टोक फार थोडी माणसं गाठतात, हे खरं. पण ज्या घरात मार्कांवरून पट्टा निघतो, त्या घरात शाळेतला मार सांगायला कोण येईल? ते पोर मनातल्या मनात हिशेब करतं: बाहेर पाच जण मारतात, घरी सांगितलं की सहावा.

मग नोव्हेंबर २०२५. दिल्लीतल्या एका नामवंत शाळेत दहावीत शिकणारा, मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या कुटुंबातला मुलगा. त्यानं आयुष्य संपवलं. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत शिक्षकांच्या वागण्याचा उल्लेख होता. आपण आधी शाळेकडं तक्रार केली होती, असं वडिलांनी वार्ताहरांना सांगितलं. शाळेनं काही जणांना निलंबित केलं, दिल्ली सरकारनं चौकशी लावली. दोष कुणाचा आणि किती, हे ठरवणं तपासाचं आणि न्यायालयाचं काम आहे, त्यात मी पडत नाही. कुठल्याही आत्महत्येला एकच कारण नसतं, हेही डॉक्टर सांगतात. पण या प्रकरणानं प्रत्येक पालकाच्या मनातली एक जुनी भीती उघडी केली. तोंडी सांगून बघितलं, आता लेखी दिलं तर पोराचं वर्ष बिघडवतील. दहावीला भाषेचे, सामाजिक शास्त्रांचे, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे वीस-वीस गुण शाळेच्या हातात असतात. ‘त्यांच्या हातातले मार्क आहेत, मार्चपर्यंत कळ काढ,’ हे वाक्य साताऱ्यातल्या, कऱ्हाडातल्या, ईश्वरपुरातल्या किती घरांत बोललं जात असेल! मार्चपर्यंतचे पाच महिने पंधरा वर्षांच्या पोराला केवढे असतात, ते आपण चाळिशीत विसरलेलो असतो.

म्हणून लेखी द्या. तेही आरडाओरडा न करता. आधी एक साधी वही करा: तारीख, जागा, कुणी काय केलं, कुणी पाहिलं. विशेषणं नकोत. मग पोराला सांगून, त्याच्याशी बोलून, मुख्याध्यापकांच्या नावानं एका पानाचा अर्ज करा. अर्जात ‘त्या मुलाला काढून टाका’ असं मागू नका. बसायची जागा, एसटीतली सोबत, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक शिक्षक, आठवड्यानं पुन्हा भेट, असं मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का बसलेल्या कागदाला सरकारी कारभारात वजन असतं, हे आपल्याकडं सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते शहाणपण पोरासाठी का वापरत नाही? ‘शाळेच्या आवाराबाहेर घडलं, आमचा संबंध नाही’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा. ते लेखी देताना बहुतेक माणसं विचार बदलतात.

शाळेत तक्रारपेटी हवी, मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती हवी, आणि सरकारी-अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी आहे. आणि एक कायदा पालकांना जवळपास माहीतच नाही: महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. लोकांना वाटतं तो मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजांसाठी आहे. प्रत्यक्षात शिक्षण देणारी कुठलीही संस्था, तिचं वसतिगृह, शिकवणी वर्गसुद्धा त्याच्या व्याख्येत येतात, आणि रॅगिंगमध्ये चिडवणं, शिवीगाळ, धमकी, लाज वाटेल असं करायला लावणं हे सगळं धरलं आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य आढळलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करायचं, आढळलं नाही तर तक्रारदाराला तसं लेखी कळवायचं. टाळाटाळ केली तर संस्थाप्रमुखालाच अपप्रेरणेचा दोष लागतो. नीट, एनडीए, पोलीस भरती यांच्या निवासी अकॅडम्यांत मुलं ठेवणाऱ्या आपल्या भागातल्या पालकांनी प्रवेशाची पावती घेताना हे ध्यानात ठेवावं. फी किती, भात कसा असतो, वायफाय आहे का, हे विचारतो; रात्री दहानंतर खोलीत मोठं माणूस कोण असतं, हे विचारत नाही.

जातीवरून शिवीगाळ झाली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, लैंगिक छळ असेल तर पॉक्सो, आणि तिथं ‘आपसात मिटवू’ हा पर्यायच नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. तो मुलानं स्वतः फिरवला तरी चालतो, म्हणून त्यालाही पाठ असावा. पोर ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर टेलिमानस १४४१६ वर फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं. तसलं काही मनात येतं का, असं सरळ विचारल्यानं ते मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

पोलीस ठाणं मी शेवटी ठेवलं, कारण समोरचाही पंधरा वर्षांचाच आहे. इथं मला दुसऱ्या आईबापांशी बोलायचं आहे, ज्यांच्यासाठी असले लेख सहसा लिहिलेच जात नाहीत. शाळेतून फोन येतो, ‘तुमच्या मुलाची तक्रार आहे.’ कुणी तिथंच बाह्या सरसावून ‘आमचा तसला नाही’ म्हणतो आणि संस्थाचालकांना फोन लावतो. कुणी ऑफिसातच पोराच्या कानफटात वाजवतो, म्हणजे ज्यासाठी त्याला बोलावलं तेच त्याच्यासमोर करून दाखवतो. दोन्हींतून पोर एकच शिकतं, की शेवटी कोण कुणाला दाबू शकतो हाच मुद्दा आहे. खरं काम वेळखाऊ आहे. काय केलं ते त्याच्या तोंडून, पळवाट न देता, ऐकायचं. ज्या ग्रुपवर बदनामी केली, त्याच ग्रुपवर ती आपण केली असं लिहायला लावायचं. कंपास घेतली असेल तर कामाच्या पैशातून नवी. मग महिनाभर लक्ष. आणि त्यानं कोणता शब्द वापरला, तो आला कुठून, हेही बघायचं. शेजाऱ्याच्या जातीवर, चुलत जावेच्या रंगावर, गावातल्या एखाद्या मुलीच्या चालीवर जेवताना आपण काय बोलतो, ते पोरं ताटात मान घालून ऐकत असतात.

बघ्यांचं काय? फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं ‘किव्हा’ नावाचा कार्यक्रम उभा केला, त्याचा भर छळणाऱ्यापेक्षा भोवतालच्या मुलांवर आहे. हसणारे हसायचे थांबले की मारणाऱ्याची मजा जाते, हा त्यामागचा साधा विचार. आपल्या वर्गातले चाळीस-पन्नास बघे ही आपलीच मुलं आहेत. ज्यांच्या घरी ‘तुला काय करायचंय, तू तुझा अभ्यास कर’ असं शिकवलं जातं, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा ठेवायची तर आधी हे वाक्य मागं घ्यावं लागेल. कुणी मध्ये पडू नका. नुसतं जाऊन त्या पोराशेजारी डबा उघडून बसा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं.

एक सूचना करतो. येत्या ७ नोव्हेंबरला भाषणं आटोपल्यावर प्रत्येक शाळेनं तासभर पालकसभा घ्यावी. मुख्याध्यापकांनी, एकाही मुलाचं नाव न घेता, सांगावं: या वर्षी त्रासाच्या तक्रारी किती आल्या, किती दिवसांत काय केलं, कोणती अजून अडली आहे. पालकांनी ओरडू नये, ऐकावं. ‘आमच्याकडं एकही तक्रार नाही’ असं उत्तर मिळालं, तर बाहेर येऊन तक्रारपेटी कुठं लावली आहे ते बघावं. ती स्टाफरूमच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेखाली असेल, तर ती उचलून पाण्याच्या टाकीकडं, एखादं पोर एकटं जाऊ शकेल अशा भिंतीला लावायला सांगावं, आणि कुलपाची एक किल्ली पालकांच्या प्रतिनिधीकडं मागून घ्यावी.